वाट मोकळी राहावी म्हणून

रक्ताला निर्माणकर्त्याने दोन परस्परविरोधी आज्ञा दिल्या आहेत, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. शरीराच्या आत असेपर्यंत त्याने जन्मापासून मरणापर्यंत क्षणभरही न थांबता वाहत राहावे, ही एक आज्ञा. आणि शरीराबाहेर पडू लागताच काही मिनिटांत थिजून आपली वाट आपणच बंद करावी, ही दुसरी. शेतात खुरपे लागून बोट कापते, आपण ते दाबून धरतो, वर चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. या साध्या घटनेमागे रक्तातील अनेक द्रव्यांची एक साखळी राबत असते. एक द्रव्य जागे झाले की ते दुसऱ्याला जागे करते आणि अखेरीस तंतूंचे बारीक जाळे विणले जाऊन गुठळी तयार होते. ही गुठळी नसती तर मानवजात बाळंतपणांतच संपली असती.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील ती बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आठवावी. होते नव्हते ते सारे तिने वैद्यांच्या हाती दिले, तरी गुण आला नाही. तिचे दुखणे पाहिले म्हणजे रक्त थांबणे हे केवढे वरदान आहे ते कळते. परंतु अलीकडच्या काही वर्षांत धर्मग्रामातील आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जाताना मला याच्या अगदी उलट दुखणे वारंवार भेटू लागले आहे. तेथे रक्त थांबू नये यासाठी साऱ्यांची धडपड चाललेली असते. खाटेवरच्या माणसाच्या मानेतून किंवा छातीतून एक नळी बाहेर आलेली असते, तिला एक लाल आणि एक निळे अशी दोन तोंडे असतात, वर पांढरी पट्टी असते, आणि घरातील माणसे त्या पट्टीकडे ज्या भीतीने व आदराने पाहतात, त्या नजरेने त्यांनी आजवर फक्त देवघरातील दिव्याकडे पाहिलेले असते. ही नळी बंद पडली तर काय, हा प्रश्न त्या घरात रात्रंदिवस वावरत असतो.

या नळीविषयी आणि तिची वाट मोकळी ठेवणाऱ्या औषधांविषयी थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते. विषय वैद्यकाचा आहे, मी वैद्य नाही. परंतु या नळीने माझ्यापुढे असा एक प्रश्न आणून ठेवला, की जो वैद्यकाचा नसून आपल्या श्रद्धेचा आणि विवेकबुद्धीचा आहे.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातील घाण शरीराबाहेर जाईनाशी होते. मग ते रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडावे लागते. हेच डायलिसिस. साधारणतः आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी चार तास. यंत्राला दर मिनिटास दोनशे ते तीनशे मिलिलिटर रक्त लागते. सलाइन लावतात त्या हातावरच्या शिरेतून एवढा प्रवाह मिळत नाही. म्हणून दोन उपाय आहेत. पहिला फिस्टुलाचा. मनगटाजवळची धमनी व शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात; धमनीच्या जोराने शीर फुगते, जाड होते आणि सहा-आठ आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, सुया टोचण्याजोगी होते. न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला हा उपाय आजही सर्वांत चांगला मानला जातो, कारण त्यात शरीरात परकी वस्तू राहत नाही. दुसरा उपाय मानेतील मोठ्या शिरेत नळी बसविण्याचा. तिचा लाभ असा, की ती बसविल्याबरोबर वापरता येते.

शहाण्या माणसाने पहिला उपाय वेळेवर करून ठेवावा. पण आपल्या खेड्यापाड्यांतील माणूस वेळेवर येतच नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंडे खाणारी दोन मोठी दुखणी, आणि दोन्हीही न दुखणारी. ऊस तोडणारा, खताची पोती वाहणारा माणूस पायाला सूज आली तरी ती उभे राहण्याची सूज समजतो. तो डॉक्टरांपुढे येतो तेव्हा त्याला दम लागलेला असतो आणि त्याच रात्री यंत्राला जोडावे लागते. तेव्हा फिस्टुला पिकण्याची वाट पाहायला सवड कोठून असणार? म्हणून मानेत नळी. गरिबाच्या डायलिसिसची सुरुवात बहुधा नळीने होते ती अशी.

आणि नळी आली म्हणजे गुठळी आली. शिरांत गुठळ्या का होतात याचा विचार रुडोल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने १८५६ साली मांडला. त्याच्या विवेचनावरून पुढे वैद्यकात तीन कारणे सांगण्याची प्रथा पडली: शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे, प्रवाह मंदावणे आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणे. मानेतील नळीच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकत्र नांदतात. नळी अस्तराला घासते. दोन डायलिसिसांच्या मधल्या दोन-तीन दिवसांत नळीतील द्रव निश्चल पडून असतो. आणि आजारी शरीराचे रक्तही सरळ वागत नाही. शिवाय नळी परकी आहे हे रक्त क्षणात ओळखते. बसविल्यापासून दिवसभरातच तिच्यावर तंतूंचा एक पातळ थर चढू लागतो. पुढे कधी टोकाशी गुठळी बसते, कधी नळीच्या पोटात. आणि त्या तंतूंच्या बिछान्यावर जंतूंनाही आयता आसरा मिळतो. गुठळी आणि जंतुसंसर्ग या दोन बहिणी एकमेकींचा हात धरूनच घरात येतात.

आपल्या भागातील शेतकरी वाचकांना हे समजण्यास ठिबक सिंचनाचा दाखला पुरेल. नळ्या नव्या असतात तेव्हा पाणी झिरपते. पुढे विहिरीच्या पाण्यातले क्षार छिद्रांशी बसू लागतात. जाणता शेतकरी ठरल्या वेळी नळ्यांतून आम्ल सोडतो, टोके उघडून नळ्या धुऊन काढतो. जो आळस करतो त्याचे पीक वरून हिरवे दिसत असतानाच मुळाशी तहानलेले असते.

फिर्खोचे नाव निघालेच आहे तर थोडे आडवळण घेतो. तो ख्रिस्तसभेचा मित्र नव्हता. बिस्मार्कच्या राजवटीत कॅथलिकांविरुद्ध जो संघर्ष झाला त्याला ‘कुल्टुरकाम्फ’ हे नाव त्यानेच १८७३ साली मिळवून दिले. त्याच संघर्षाच्या काळात, १८७२ साली, येशूसंघाला जर्मनीतून हद्दपार करण्यात आले. मुंबई-पुणे मिशनमध्ये राबणारे धर्मगुरू त्या वेळी जर्मन येशूसंघीयच होते आणि आपल्या नगर जिल्ह्यातील कॅथलिक धर्मग्रामांचा पाया त्यांनीच घातला. ज्या वादळाला फिर्खोने नाव दिले, त्या वादळाने ज्यांना मायभूमी नाकारली, त्यांच्या लेकरांच्या मानेतील नळीचे दुखणे समजून घ्यायला आज पुन्हा फिर्खोच उपयोगी पडतो. देवाच्या हिशेबाची ही रीत आहे. आणि याच फिर्खोने तरुणपणी, १८४८ साली, अप्पर सायलेशियातील गरीब, बहुतांशी कॅथलिक पोलिश खेड्यांत जाऊन तेथील तापाच्या साथीचा अहवाल लिहिला होता व त्या साथीचे मूळ दारिद्र्यात, अज्ञानात आणि सरकारी अनास्थेत आहे असे निर्भीडपणे सांगितले होते. हे त्याचे म्हणणे या लेखात पुढे आपल्या कामी येणार आहे.

गुठळीवरच्या औषधाची कथाही ऐकण्याजोगी आहे. जळू चिकटली की रक्त लवकर थांबत नाही, हे आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून ठाऊक आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन एबल व सहकाऱ्यांनी १९१३ साली प्राण्यांवर कृत्रिम मूत्रपिंडाचा प्रयोग केला, तेव्हा रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले हिरुडिनच वापरले होते. जर्मनीतील गीसेनचे गेओर्ग हास यांनी १९२४ साली माणसावर पहिले डायलिसिस केले, तेही त्याच द्रव्याच्या आधाराने. दरम्यान १९१६ साली बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा एक विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठविणारे द्रव्य शोधीत होता. त्याला कुत्र्याच्या यकृतात सापडले ते नेमके उलटे, रक्त न गोठू देणारे. यकृताला ग्रीक भाषेत ‘हेपार’ म्हणतात. त्यावरून हॉवेलने त्याला हेपारिन हे नाव दिले. पुढे १९३०च्या दशकात टोरांटो येथे चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने ते माणसाला देण्याइतके शुद्ध केले. हे बेस्ट म्हणजे इन्सुलिनच्या शोधातील बँटिंगचे जोडीदार. मधुमेह्याला जगविणारे औषध आणि मधुमेहाने मूत्रपिंडे गेलेल्याला यंत्रावर जगविणारे औषध, या दोहोंच्या इतिहासात एकाच माणसाचे नाव यावे, हा केवढा योग!

आज हेपारिन बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. २००८ साली चीनमधून आलेल्या कच्च्या मालात नफ्यापायी दुसरेच द्रव्य मिसळल्याचे उघडकीस आले. अमेरिकेत अनेकांना प्राण गमवावे लागले. खेड्यातील खाटेपाशी वापरली जाणारी ती लहानशी कुपी इतक्या दूरच्या, इतक्या अनोळखी माणसांच्या सचोटीवर उभी असते.

नळीसाठी तिचा उपयोग असा. डायलिसिस संपल्यावर परिचारिका नळीच्या दोन्ही शाखा मिठाच्या पाण्याने धुऊन काढते. मग प्रत्येक शाखेत मावेल तेवढेच, म्हणजे सुमारे दीड-दोन मिलिलिटर, हेपारिनचे द्रावण भरते, चिमटे लावते आणि टोपणे घट्ट बसविते. शाखेत किती मावते याचा आकडा नळीवरच छापलेला असतो. याला तेथील मंडळी ‘हेपारिन लॉक’ म्हणतात, कुलूपच ते! पुढच्या खेपेस आधी ते हेपारिन ओढून काढून टाकायचे, मगच यंत्र जोडायचे. प्रमाण चुकले आणि ते शरीरात गेले तर दुसऱ्याच ठिकाणी रक्तस्राव व्हायचा. म्हणूनच आज अनेक ठिकाणी पूर्वीपेक्षा सौम्य द्रावण पसंत केले जाते. काही थोड्या रुग्णांत तर हेपारिनच उलटते आणि गुठळ्या वाढविते. अशांसाठी सोडियम सायट्रेटचे द्रावण आहे. आपल्या श्रीगोंद्याच्या लिंबांत जे आम्ल असते त्याचाच हा क्षार. तो रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवतो, आणि कॅल्शियमवाचून गुठळीची साखळी पुढे सरकत नाही.

मात्र हेपारिन गुठळी होऊ देत नाही एवढेच. झालेली गुठळी ते विरघळवीत नाही. त्यासाठी युरोकायनेज, अल्टेप्लेज अशी वेगळी, महाग औषधे नळीत भरून वाट पाहावी लागते. कॅनडात २२५ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून एका खेपेस हेपारिनऐवजी अल्टेप्लेज भरले, तेव्हा नळ्या बिघडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. पण ते औषध एवढे महाग, की आपल्याकडे नित्याच्या वापरासाठी त्याचा विचारही करवत नाही. उलट, स्वस्त गोळीने काम भागेल अशी जी आशा होती तिने निराशा केली. कर्करोगाच्या रुग्णांनाही औषधासाठी छातीत किंवा दंडात अशाच नळ्या बसवितात. त्यांना रोज वॉरफरिनची अगदी लहान मात्रा द्यावी, असा विचार १९९० च्या सुमारास पुढे आला. इंग्लंडमध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की त्या लहान मात्रेने गुठळ्या काही कमी होत नाहीत. आणि मात्रा वाढवावी तर रक्तस्राव वाढतो. तेव्हा ही औषधे कोणी शेजाऱ्याचे पाहून आपल्या मनाने घेऊ नयेत. रक्ताच्या दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळल्या जाव्यात इतकी सूक्ष्म मर्यादा सांभाळायची असते. संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणाला दोन टोकांमधील मध्य म्हटले आहे. हेपारिनची कुपी पाहिली की मला सेमिनरीतला तो धडा आठवतो.

औषधाचा एवढा प्रपंच वाचल्यावर ध्यानात येते ते असे, की औषध पुष्कळ करते, पण एकटे करीत नाही. नळीला हात लावण्यापूर्वी हात धुणे, तोंडाला पट्टी बांधणे, टोपण उघडे न ठेवणे, पट्टी ओली होऊ न देणे, त्या नळीतून कोणाला उगाच रक्त काढू न देणे, आणि मुख्य म्हणजे डायलिसिसची पाळी न चुकविणे, या गोष्टींना पैसे फारसे पडत नाहीत. त्यांना लागते ती निष्ठा. नळी वाचते ती या लहान लहान निष्ठांनी.

आता तो प्रश्न सांगतो. आमच्या धर्मग्रामातील एका वस्तीवर पासष्टी ओलांडलेले एक गृहस्थ होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात राबलेले, मातमाउलीचे निस्सीम भक्त. हरेगावची यात्रा पायी केल्याशिवाय त्यांचा सप्टेंबर महिना पुरा होत नसे. मूत्रपिंडे गेल्याचे कळले तेव्हा उशीर झाला होता. मानेत नळी बसली. फिस्टुलाची शस्त्रक्रिया करून घ्या असे डॉक्टरांनी सांगितले होते, परंतु आज उद्या करता चार महिने गेले. पावसाळ्यात एसटीची गाडी वस्तीच्या फाट्यापर्यंत येईना. मुलाचा रोज बुडे. दोन पाळ्या लागोपाठ चुकल्या. तिसऱ्या वेळी यंत्राला जोडायला गेले तर नळीतून रक्तच येईना. औषध भरून पाहिले, उपयोग झाला नाही. अखेर ती काढून दुसऱ्या बाजूला नवी बसवावी लागली. उपचार योजनेतून झाले, पण जाण्यायेण्यात आणि बाहेरून आणलेल्या औषधांत घरच्या दोन शेळ्या गेल्या.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, “फादर, आता बास झालं. ही नळी काढून टाकली, मशीन सोडलं, तर पाप लागंल का?” सून चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

नीतिशास्त्राच्या वर्गात या प्रश्नाचे उत्तर आम्हांला शिकविले होते. सोळाव्या शतकातील डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया यांनी लिहून ठेवले आहे, की वैद्याने कोंबड्यांसारखे महागडे अन्न सांगितले तरी जीव वाचविण्यासाठी ते खाल्लेच पाहिजे असे बंधन माणसावर नाही. पुढे यातूनच साधारण आणि असाधारण साधनांचा भेद स्थिर झाला. परमगुरू पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तो स्पष्ट केला: जीवन राखण्यासाठी साधारण साधने वापरणे हे कर्तव्य आहे, ज्या साधनांचा भार स्वतःवर वा इतरांवर फार मोठा पडतो, त्यांची सक्ती नाही. १९८० सालच्या रोमच्या घोषणापत्रानेही उपायाचा भार आणि त्यापासूनचा लाभ यांचे प्रमाण पाहावे असेच सांगितले. उपचार सोडणे म्हणजे आत्महत्या नव्हे. तेव्हा त्या वृद्धाला “नाही बाबा, पाप नाही” असे सांगायला शास्त्राची आडकाठी नव्हती.

परंतु शास्त्रच सांगते की आधी भार मोजावा. मी त्यांना विचारले, “बाबा, तुम्हांला सगळ्यांत जड काय जातं?” त्यांनी एकेक सांगितले. फाट्यापर्यंत चिखलातून चालणे. मुलाचा रोज बुडणे. रात्री कुशीवर वळताना नळी ओढली जाईल ही धास्ती. सुनेने पट्टी भिजू नये म्हणून अंग पुसून द्यावे, याची लाज. मी पुढे विचारले, “आणि मशीनवरचे ते चार तास?” ते म्हणाले, “त्येचं काय नाय. झोप लागती. दुसऱ्या दिशी बरं वाटतं.”

तेव्हा मला लख्ख दिसले, की जो भार त्यांना मरणाकडे ढकलीत होता तो रोगाचा नव्हता आणि उपचाराचाही नव्हता. तो अंतराचा होता, दारिद्र्याचा होता, सोबतीच्या अभावाचा होता. फिर्खोने सायलेशियात पाहिले तेच हे. श्रीमंताच्या घरी जे साधन साधारण ठरते, तेच वस्तीवर असाधारण होते. आणि मग आपण त्याला ‘देवाची इच्छा’ असे नाव देऊन मोकळे होतो. ज्या भाराला माझ्या धर्मग्रामातील चार माणसे खांदा देऊ शकतात, त्याच्याखाली एकट्याने चिरडून जाणाऱ्याला “तू मोकळा आहेस” असे सांगणे शास्त्रात बसत असेल. शुभवर्तमानात बसत नाही.

कोणी जगावे याचा निवाडा माणसांनी करण्याची वेळ याआधीही आलेली आहे. नगरच्या किल्ल्यात नेहरू, आझाद आदी नेते कैदेत होते त्याच काळात, १९४३ साली, नाझींच्या टाचेखालील हॉलंडमधील काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी आपले डायलिसिस यंत्र उभे केले. परंतु दर वेळी एक नवी रक्तवाहिनी खर्ची पडे, आणि वाहिन्या संपल्या की उपाय संपे. १९६० साली सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी धमनी व शिरेत कायमची ठेवून दोन खेपांच्या मधल्या काळातही रक्त वाहते ठेवले; वाहते रक्त सहसा गोठत नाही, एवढेच त्यातले मर्म. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगले. वाट उघडी राहू लागली, पण यंत्रे थोडी होती. म्हणून सात नागरिकांची समिती नेमली गेली. तीत एक धर्मोपदेशकही होते. रुग्णाचे वय, मुलेबाळे, मिळकत, शिक्षण, एवढेच नव्हे तर तो चर्चला जातो की नाही, हेही तेथे विचारात घेतले जाई. त्यावर गदारोळ झाला आणि १९७२ साली कायद्याने अमेरिकेने हा खर्च सरकारवर घेतला. आपल्याकडे वडील पिढीने डायलिसिस हा शब्द बहुधा प्रथम ऐकला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. १९७५ साली कैदेतून सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत ते यंत्राच्या आधाराने जगले. त्या वेळी ती थोरामोठ्यांची चैन होती. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. सिॲटलसारखी समिती आपल्याकडे नाही. पण पावसाळ्यातला चिखल, बुडणारा रोज आणि न येणारी एसटी ही एक अदृश्य समिती आपल्या जिल्ह्यात रोज बसते आणि रोज निवाडा देते. तिच्यापुढे वकील म्हणून कोण उभे राहणार?

आमच्या धर्मग्रामात त्या रविवारी मिस्सानंतर चार तरुण उभे राहिले. दोघांकडे मोटारसायकली होत्या, एकाकडे टेम्पो. पाळ्या ठरल्या. महिला मंडळाच्या एका भगिनीने पट्टी कशी सांभाळायची हे सिस्टरांकडून शिकून घेतले व त्या सुनेला शिकविले. दोन महिन्यांत बाबांची फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली, ती पिकली आणि एके दिवशी मानेतली नळी निघाली. त्या रात्री ते कित्येक महिन्यांनी कुशीवर झोपले. पुढे दोन वर्षे ते जगले. एका यात्रेला टेम्पोत बसून का होईना, हरेगावला जाऊन आले.

मग हृदय थकले. यंत्रावर रक्तदाब उतरू लागला, चार तासांचे दोन तास झाले, त्यांतही वेदना होऊ लागल्या. डॉक्टरांनी घरच्यांना सारे स्पष्ट सांगितले. तेव्हा त्यांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितले, “नाही बाबा, पाप नाही.” भार आता खरोखरच शरीराचा होता, ज्याला आम्ही खांदा देऊ शकत होतो तो सारा देऊन झाला होता. रुग्णाभ्यंग झाला, वाटेची शिदोरी म्हणून ख्रिस्तप्रसाद दिला. आठ दिवसांनी ते शांतपणे गेले. प्रश्न एकच, उत्तरे दोन. आणि मधल्या दोन वर्षांत चार तरुणांच्या मोटारसायकली.

प्रिय वाचकहो, आपल्या शेजारी असा कोणी असेल. नसेल तर उद्या होईल. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि लघवीतील प्रथिने तपासून घेतली तर कदाचित होणारही नाही. मूत्रपिंडे दुबळी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर फिस्टुलाची शस्त्रक्रिया वेळेत करून घ्यायला त्याला धीर द्या, आणि तोवर ज्या हातावर ती व्हायची त्या हाताच्या शिरांत सुया टोचू देऊ नका. मानेत नळी असेल, तर त्याची एकही पाळी चुकू देऊ नका. ताप, थंडी, पट्टीखाली लाली किंवा ओल दिसली, मान वा हात सुजला, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या. हेपारिनचे काम परिचारिका करील. तिच्या हातापर्यंत त्या माणसाला वेळेवर पोहोचविणे हे काम कोणत्याही कुपीत मिळत नाही.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्डच्या मातेच्या सणाला, आपण जागतिक आजारी दिन पाळतो. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी तो १९९२ साली स्थापन केला. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तैलाभ्यंग होतो, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवशी चर्चच्या दाराशी एक वहीही ठेवावी: आपल्या धर्मग्रामात डायलिसिसला कोण जातो, कोणत्या वारी, आणि त्या वारी त्याच्याबरोबर कोण जाईल. आगमनकाळात योहान बाप्तिस्त्याची हाक आपण ऐकतो ती वाट तयार करण्याची. ती वाट कधी दीड मिलिलिटरची असते आणि तिच्या टोकाशी एक माणूस श्वास घेत असतो.